आई-बाबांना पत्र: राजीनामा, मोडी आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन

पुणे,
8 सप्टेंबर 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, काल ग्रहण सुटेपर्यंत जागी होतीस ना? बाबा गोळ्या घेऊन दहाला झोपले असणार, हे मी इथे बसून सांगू शकते.

फोन न करता पत्र का लिहितेय, असं पहिल्यांदा मनात येईल. फोनवर आपलं काय होतं ते ठाऊकच आहे. आई, तू "जेवलीस का" विचारतेस, मी "पाऊस आहे का" विचारते. मग फोन बाबांकडे जातो आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. मला जे सांगायचंय ते "बरं, ठेवतो" मध्ये मावणारं नाही. गणपतीत सांगणार होते. पण आत्या आली, दादाच्या फ्लॅटचा विषय निघाला, पुढचं सगळं तुम्ही पाहिलंच. गौरी जेवायच्या दिवशी त्यावर आणखी एक विषय काढायचं धाडस झालं नाही.

मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. 30 सप्टेंबर हा शेवटचा दिवस. विद्यापीठात मराठीच्या एम. ए.ला प्रवेश घेतलाय आणि तास सुरूही झालेत.

आई, आधी खाली बस. मला कुणी काढलेलं नाही, कुणाशी भांडण नाही, तब्येत उत्तम आहे, आणि ज्याची तुला शंका येईल तसलंही काही नाही. तीन महिन्यांची नोटीस जूनच्या शेवटी दिली. तेव्हापासून शिफ्ट दुपारची करून घेतलीय. सकाळी तास, दुपारी घरूनच काम. झोप कमी होते, पण हा शेवटचाच महिना आहे.

पैशाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. गाडीचं कर्ज मार्चमध्येच फिटलं. दोन वर्षांचा खर्च वेगळ्या खात्यात काढून ठेवलाय. दर एक तारखेला त्यातून ठरलेली रक्कम माझ्या खात्यात येते, पगार आल्यासारखी. औंधचा फ्लॅट सोडला. आता खडकीत एका मुलीबरोबर खोली घेतलीय. ती पीएच.डी. करते, शांत आहे, भांडी घासून ठेवते. गिझर आहे, पाणी दोन्ही वेळ येतं, वरच्या गच्चीत कपडे वाळतात. घरमालकीण कराडकडची आहे. परवा मटकीची उसळ आणून दिली, आणि तिला मी वाईची म्हटल्यावर हळदीचा भाव विचारायला लागली. डबा लावलाय. भाजीत साखर असते, पण पोळ्या मऊ असतात. तू गणपतीत दिलेली चटणी अजून अर्धी शिल्लक आहे, पुरवून खातेय.

विद्यापीठाची फी आमच्या ऑफिसातल्या लोकांना सांगितली तर त्यांना वर्षाची आहे की आठवड्याची तेच कळेना. शिवाय एक छोटं काम मिळालंय. इथल्या एका प्रकाशकाकडे प्रूफं वाचायची, पानावर पैसे.

बाबा, हे वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असेल.

तुमच्यासारखं शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांवरचं काम आता कुठलं राहिलंय. पीडीएफ येते, तिच्यावरच खुणा करायच्या. पण पहिल्या दिवशी मी पान छापून घेतलं आणि लाल पेनाने तुमच्याच खुणा केल्या. तिथल्या बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी. खरंच घरी. माझ्या पाचवीतल्या "पावसाळ्यातील एक दिवस" निबंधावर तुम्ही गाळा, जोडा, जागा सोडा अशा खुणा केल्या होत्या, आणि शाळेतल्या बाईंना वाटलं मुलीने वहीवर गिरगटलंय. आईच त्यांना जाऊन समजावून आली. छापखान्यात नेलंत की मी केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, उभी राहायची. तुम्ही न बघता घराघरातून खिळे उचलायचा आणि हातातल्या पट्टीत, स्टिकमध्ये, उलटं नाव जुळायचं. माझं नाव जुळवून दिलंत, शाई लावून कागदावर दाबलंत. घरी आले तेव्हा बोटं काळी. आईने घासलेटने पुसली आणि तुम्हाला शिव्या दिल्या. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

आता वर्गाचं. माझ्या वर्गातली मुलं एकवीस-बावीसची आहेत. मला ताई म्हणतात, आणि सरांना काही विचारायचं असलं की मला पुढे करतात. जयकर ग्रंथालयात सकाळी जागा धरायची तर लवकर जावं लागतं, कारण स्पर्धा परीक्षेची पोरं डबे घेऊन येऊन बसलेली असतात. त्यांच्याकडे बघून मला जरा हायसं वाटतं. या वयात वह्या घेऊन फिरणारी मी काही एकटी नाही.

गेल्या आठवड्यात एक लेखन द्यायचं होतं, दोन पानं, विषय स्वतःचा. पाच-सहा जणांच्या लेखनात एकच वाक्य निघालं. चॅटजीपीटीला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलेला. सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वर्गात बसवून हाताने लिहायला लावलं: काल रात्री काय जेवलात ते लिहा. निम्मी मुलं पेन धरून बसून राहिली. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला, कारण ही मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत. यवतमाळचा एक मुलगा डाळभाजीवर दोन पानं बोलू शकतो. कागद समोर आला की "मानवी जीवनात आहाराचे महत्त्व अनन्यसाधारण आहे" असं सुरू करतो. शाळेत शिकवलंय तसं.

माझं वेगळंच निघालं. इतकी वर्षं मी सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं, म्हणजे रोज लिहीतच होते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तेवढंच, फाफटपसारा नाही. तसंच जेवणाचं लिहिलं. सर म्हणाले, "कोरडं आहे, पण यात खोटं काही नाही. आता ओलं करायला शिका." मला ते आवडलं. आई, तू म्हणतेस ना की माझी चिठ्ठी म्हणजे वाण्याची यादी, तसंच काहीसं.

हात मात्र दुखतो. तीन तास पेन धरायची सवयच गेलीय. अंतर्गत परीक्षेत दुसऱ्या तासाला अक्षर वाकडं व्हायला लागलं.

मोडी लिपीही शिकतेय. हे तर तुम्हाला सांगायलाच हवं होतं. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला लटकवत जायचं, होता होईतो हात न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. आणि बाबा, इकार एकच! ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ज्या एका गोष्टीवरून तुम्ही माझं बालपण लाल केलंत, ती शेकडो वर्षांच्या कारभारात कुणाला लागलीच नव्हती. तुम्ही म्हणाल, म्हणूनच राज्य गेलं. पण मग तुमचे गुरुजी "घरांत", "नांव" वर टिंबं द्यायचे आणि 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती गेली, तेव्हा त्यांना किती दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, ते तुम्हीच सांगायचात. अनुस्वाराच्या खिळ्यांचं घर रिकामं होईना म्हणे.

पाहुणे आले की आपण त्यांना मेणवलीला न्यायचो. घंटा दाखवायची, घाट दाखवायचा, आईने बांधून दिलेले लाडू खायचे आणि परत. नाना फडणविसांचं दप्तर तिथल्याच वाड्यातलं, सगळं मोडीत, हे मी इथे येऊन शिकले. मराठी विश्वकोशाचं ऑफिसही आपल्याच गावात, वाईत. त्याचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, त्यांना तुम्ही रस्त्यात नमस्कार करायचात. मला लहानपणी वाटायचं प्रत्येक गावात असा एखादा विश्वकोश असतोच.

पुढे काय, हा तुमचा प्रश्न ऐकू येतोय. गेल्या 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा बाबा म्हणाले होते, "दर्जा मिळाला, आता जागा निघतात का बघा." मलाही माहीत आहे. कॉलेजांत कायम जागा फार थोड्या निघतात, बाकीचे तासिका तत्त्वावर शिकवतात आणि मानधन कधी मिळेल याची वाट बघतात. मी डोळे झाकून उडी मारलेली नाही. दोन वर्षं एम. ए., त्यात सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, द्यायची. जमलं तर शिकवीन, नाहीतर कोशाचं, संपादनाचं काम बघीन. अगदीच काही झालं नाही तर टेस्टिंग कुठे पळून जात नाही. माझ्या मॅनेजरने स्वतःहून सांगितलंय, वर्षाच्या आत आलीस तर बोलू. आणि खरं सांगू? काहीही ठरलं नसतं तरी मी हेच केलं असतं. पण तुम्हाला ठरलेलं हवं असतं, म्हणून सगळं लिहिलं.

कराडच्या स्थळाला कळवून टाका की मुलगी आता शिकतेय, पगार नाही. त्यांना नोकरीवालीच हवी असेल तर त्यांचाही वेळ वाचेल. लग्नाच्या नावाने ठेवलेली एफ.डी. मोडायची नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.

आता महत्त्वाचं. हे दोनदा वाचा.

माझ्या कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं 30 सप्टेंबरपर्यंत आहात, त्यानंतर नाही. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी व्हायलाच हवं. मी साताऱ्याच्या डॉक्टरांशी बोलले. मंगळवारी 23 तारखेला करायचं. आई, तू पितृपक्ष म्हणशील म्हणून मी मुद्दाम घटस्थापनेनंतरचा दिवस घेतलाय. दुसरी माळ आहे. तुझा उपवास तुझ्याबरोबर, बाबांच्या डोळ्याला उपवास नाही. त्याआधी साखर तपासून घ्यायची आणि ती आटोक्यात हवी, नाहीतर ते ऑपरेशन पुढे ढकलतात. म्हणजे पंधरा दिवस पेढा नाही, प्रसादाचाही नाही, समोरच्या काकूंनी आग्रह केला तरी नाही. लेन्स साधीच घ्यायची की भारी, हे बाबांनी पैशाकडे बघून ठरवायचं नाही. वरचे पैसे मी भरलेत, त्याबद्दल चर्चा नको.

ऑपरेशननंतर थेंब वेळच्या वेळी. तक्ता करून फ्रिजवर लावेन. डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, खाली वाकून जड काही उचलायचं नाही. तेवढे दिवस पाण्याची बादली सोडा. बाबा, दिवाळी अंक नवा नंबर मिळाल्यावर वाचायचे. पळून कुठे जातात?

पुढच्या विम्याची सोय केलीय. बाबांना सत्तर पूर्ण झालीत, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत. आईसाठी वेगळी पॉलिसी घेतलीय. एप्रिल 2024 पासून वयाची पासष्टीची आडकाठी राहिली नाही, त्यामुळे मिळाली. फक्त गुडघ्यांसारख्या जुन्या दुखण्यांना काही काळ थांबावं लागेल. म्हणून आई, गुडघ्यांचे व्यायाम रोज. टीव्ही बघताना करायचे, मालिका चुकणार नाही.

बाबा, तुम्ही चार दिवस बोलणार नाही, हे धरून चाललेय. दहावीनंतर सायन्स घे म्हणालात आणि मी घेतलं, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. त्याच नोकरीने आपलं छत गळायचं थांबलं. तुम्ही रात्रपाळीला शिशाच्या धुरात उभे राहिलात म्हणून मला आज असं काही सुचू शकतं, हे मला कळतं. तोंडावर बोलता आलं नसतं म्हणून इथे लिहिते. आई, तू त्यांच्या मागे लागू नकोस. चहा दे आणि सोड.

शनिवारी 20 तारखेला येते. स्वारगेटहून सकाळची एसटी धरेन. स्टँडवर न्यायला यायचं नाही. माझ्याकडे एकच पिशवी आहे आणि घर मला सापडतं.

तुमची,
ताई

ता. क. विम्याच्या कागदांना दोघांची आधार कार्डं लागतील. आईच्या कार्डावर जन्मसाल चुकलंय, ते दुरुस्त करायला नाक्यावरच्या केंद्रात जाऊन या. बाबांनी सोबत जायचं. आणि मूळ कार्ड तिथे ठेवून यायचं नाही, झेरॉक्सच द्यायची.