औषधाच्या खर्चातला आमचा वाटा अन्यायाने वाढवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : ॲडालिमुमॅब इंजेक्शनचा वर्ग बदलणे, त्याच्या बायोसिमिलरला (मूळ औषधासारख्याच, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या स्वस्त औषधाला) मंजुरी नाकारणे आणि उत्पादकाने दिलेली मदत आमच्या वाट्याच्या खर्चाच्या वार्षिक मर्यादेत न धरणे याबाबत.

महोदय / महोदया,

माझ्या कुटुंबाची आरोग्य विमा पॉलिसी आपल्या कंपनीकडे आहे आणि तिचा हप्ता एकदाही थकलेला नाही. ही तक्रार माझ्या पत्नीच्या औषधाबद्दल आहे. तिला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. ॲडालिमुमॅबचे 40 मिलिग्रॅमचे इंजेक्शन ती दर दोन आठवड्यांनी घेते. गेल्या नूतनीकरणापर्यंत या औषधासाठी आम्ही एक ठरावीक को-पेमेंट, म्हणजे प्रत्येक वेळी आमच्या वाट्याची ठरलेली रक्कम, भरत होतो. नूतनीकरणानंतर आपण हे औषध सगळ्यात वरच्या, ‘विशेष औषधे’ या वर्गात टाकले. त्या वर्गात ठरावीक रक्कम नाही, किमतीचा टक्का भरावा लागतो. बदल झाला आहे हे आम्हाला सांगितले कोणी? तर औषध दुकानाच्या काउंटरवरच्या संगणकाने.

त्या दिवशीचे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या कागदावर त्याची नोंद ‘ग्राहकाने औषध उचलले नाही’ एवढीच असणार. हे इंजेक्शनचे पेन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, म्हणून मी नेहमीप्रमाणे बर्फाची पिशवी घेऊन गेलो होतो. फार्मासिस्टने खोका फ्रिजमधून बाहेर काढला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा टाकून पाहिला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तेवढे पैसे त्या क्षणी माझ्याकडे नव्हते. त्याने खोका परत फ्रिजमध्ये ठेवला. तो ज्या हळुवारपणे ठेवला, त्यावरून त्याच्या दुकानात असे घडण्याची ही पहिलीच वेळ नसावी. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि पत्नीचा डोस चुकला.

डोस चुकणे म्हणजे नुसते दोन दिवस अंग दुखणे नव्हे. या आजारात सूज आटोक्यात नसली की सांध्याचे हाड झिजते आणि झिजलेले हाड पुढे कितीही औषध दिले तरी भरून येत नाही. दुसरे म्हणजे, हे जैविक औषध आहे. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि ती वाढली की तेच औषध पूर्वीसारखे लागू पडत नाही. औषधात खंड पडला की हा धोका वाढतो, असे आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितले आहे. आज लागू पडणारे औषध पैशांपायी हातचे गेले, तर त्यापुढचे औषध याहूनही महाग असू शकते आणि त्याचा भार आपल्या कंपनीवरही येणारच आहे. सकाळी उठल्यावर तासभर तिची बोटे मिटत नाहीत, पाण्याच्या बाटलीचे झाकण तिला फिरवता येत नाही. औषध वेळेवर मिळते तेव्हा हेच झाकण ती सहज उघडते. आमच्या घरात या औषधाचा अर्थ एवढा साधा आहे.

आता खरी तक्रार. खर्चातला आमचा वाटा कमी करण्याचे वैध मार्ग होते. ते आपल्याच पॉलिसीत, आपल्याच कार्यपद्धतीत होते. आपल्या कस्टमर केअरने त्यातला एकही आम्हाला सांगितला नाही. मी प्रत्येक फोनवर एकच प्रश्न विचारला : ‘आमचा वाटा कमी होण्यासाठी काय करता येईल?’ उत्तर ठरलेले होते, ‘तुमच्या प्लॅनमध्ये असेच आहे.’ वर्गाबाबत अपवाद मागण्याचा अर्ज असतो, हे मला डॉक्टरांकडच्या परिचारिकेने सांगितले. त्याच अर्जावर, उशिराने जिवाला किंवा अवयवाला धोका असेल तर तातडीचा निर्णय मागता येतो, हेही तिनेच सांगितले. उत्पादक कंपनीची रुग्ण-मदत योजना फार्मासिस्टकडून कळली. आम्ही हप्ता ज्यांना भरतो त्यांनी मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही.

बायोसिमिलरचे प्रकरण तर मला अजिबात पटलेले नाही. मूळ औषधाचा खर्च जास्त आहे म्हणून आपण त्याला वरच्या वर्गात टाकले, इथवर मी समजू शकतो. मग आम्ही स्वतःहून म्हटले की स्वस्त बायोसिमिलर चालेल. डॉक्टरांनी तशी चिठ्ठी दिली. आपण ती नाकारली, कारण ‘हे औषध मंजूर यादीत नाही’. म्हणजे महागडे यादीत आहे आणि स्वस्त यादीतच नाही! रुग्ण खर्च कमी करायला तयार, डॉक्टर तयार, आणि विमा कंपनीच नको म्हणते, याचे कारण मला लेखी हवे आहे.

बायोसिमिलर हा काही कालपरवाचा प्रयोग नाही. युरोपात पहिल्या बायोसिमिलरला 2006 मध्ये मान्यता मिळाली. ॲडालिमुमॅबची बायोसिमिलर तिथे 2018 पासून आणि अमेरिकेत 2023 पासून बाजारात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ॲडालिमुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मूळ औषधावरून बायोसिमिलरवर गेल्यास काय होते, हे पाहण्यासाठी नॉर्वेत सरकारी पैशातून 482 रुग्णांवर 52 आठवडे चाचणी झाली. ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली आणि बदल केलेल्यांची स्थिती मूळ औषध चालू ठेवलेल्यांपेक्षा वाईट ठरली नाही. ती चाचणी याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबची होती, ॲडालिमुमॅबची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या डॉक्टरांना बदल करायला हरकत नाही आणि निर्णय त्यांचा आहे. तो आपल्या यादीने घेऊ नये.

टक्क्याबद्दलही एक स्पष्ट प्रश्न आहे. आम्ही जो टक्का भरतो, तो औषधाच्या छापील किमतीवर, की आपल्याला प्रत्यक्षात पडणाऱ्या किमतीवर? मोठ्या विमा कंपन्या उत्पादकांशी वाटाघाटी करून सवलत मिळवतात, ही उघड गोष्ट आहे. सवलत मिळाल्यावर आपला खर्च कमी होत असेल आणि आमचा टक्का मात्र जुन्या, सवलतीआधीच्या आकड्यावर मोजला जात असेल, तर टक्का कागदावर दिसतो त्याहून प्रत्यक्षात मोठा आहे. मी कंपनीचे गुपित मागत नाही. माझा हिशेब कोणत्या आकड्यावर केला जातो तेवढेच विचारतो आहे.

उत्पादकाच्या मदतीचेही असेच. त्यांच्या योजनेतून काही महिने आमच्या वाट्याची बरीचशी रक्कम भरली गेली. आपण ती रक्कम औषध दुकानाकडून बिनतक्रार जमा करून घेतली. पण आमच्या वार्षिक मर्यादेच्या (जी गाठल्यावर वर्षाचा पुढचा भार आमच्यावर येत नाही) हिशेबात ती धरली नाही. मदतीची रक्कम संपली तेव्हा मर्यादेचा काटा जवळजवळ शून्यावरच होता आणि वर्षाच्या उरलेल्या काळात सगळा भार पुन्हा आमच्या अंगावर आला. पैसे आपल्याला पोचले आहेत, मग ते मोजले का जात नाहीत? पॉलिसीच्या कोणत्या कलमात तसे म्हटले आहे, ते कलम दाखवावे. मी पॉलिसी दोनदा वाचली. मला ते सापडले नाही.

अपवादाच्या अर्जावर शेवटचा नकार आला त्यात ‘आधी मेथोट्रेक्सेट (याच आजारावरचे आधी दिले जाणारे औषध) वापरून पाहा’ असे लिहिले होते. हे वाचून पत्नी रडली. मेथोट्रेक्सेट ती जवळजवळ वर्षभर घेत होती आणि त्यावर तिचा आजार आटोक्यात आला नव्हता. त्यानंतरच ॲडालिमुमॅब सुरू झाले. त्या वर्षभराचे क्लेम आपणच मंजूर केले आहेत. आपल्याच दप्तरातली नोंद न पाहता अर्ज नाकारणारी व्यक्ती कोण होती आणि ती संधिवाताची तज्ज्ञ होती का, हे मला कळायला हवे.

माझ्या मागण्या अशा. ॲडालिमुमॅबच्या बायोसिमिलरला को-पेमेंटच्या जुन्या वर्गात मंजुरी द्यावी. यादीत बदल व्हायला वेळ लागत असेल तर तोवर मूळ औषध जुन्याच दराने द्यावे, आणि हा निर्णय तातडीच्या अर्जाच्या मुदतीत घ्यावा, कारण पुढच्या डोसची तारीख आपल्या बैठकीसाठी थांबणार नाही. उत्पादकाने भरलेली रक्कम वार्षिक मर्यादेत धरून या वर्षाचे सर्व क्लेम नव्याने तपासावेत आणि जादा घेतलेले पैसे परत करावेत. अपवादाच्या अर्जावर संधिवाताच्या तज्ज्ञाने निर्णय द्यावा, नकार असेल तर पॉलिसीचे कलम आणि वैद्यकीय कारण दोन्ही लिहावे. आणि यापुढे महाग औषधाबद्दल कोणी ग्राहक फोन करील, त्याला हे सगळे मार्ग न विचारता सांगावेत. आम्हाला परिचारिका भेटली. प्रत्येकाला भेटेलच असे नाही.

डॉक्टरांचे पत्र, मेथोट्रेक्सेटच्या काळातल्या रक्ततपासण्या, बायोसिमिलरची चिठ्ठी, नकाराची दोन्ही पत्रे आणि औषध दुकानाच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. फोनवर दिलेले आश्वासन मी यापुढे ग्राह्य धरणार नाही, उत्तर लेखीच द्यावे. पॉलिसीत दिलेल्या मुदतीत ते आले नाही किंवा मोघम आले, तर हीच कागदपत्रे विमा नियामकाकडे जातील आणि स्वतंत्र वैद्यकीय पुनर्विलोकनाचीही मागणी मी करीन.

आपला,
पॉलिसीधारक