कार्डाच्या किमतीइतकेच चित्राकडेही पाहावे

महोदय,

होनस वॅगनर या अमेरिकन बेसबॉलपटूचे चित्र छापलेल्या जुन्या कार्डाला २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. अशा विक्रीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतही अधूनमधून येतात; पण त्या किमतीपाशीच थांबतात आणि कार्डावरच्या चित्राबद्दल त्यांत अवाक्षरही नसते. ठाण्यातील छापखान्यात तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही उणीव फार खटकते.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डे दिली, त्यांतील या कार्डाची प्रतिकृती पुतण्याने मला आणून दिली आहे. तळहातावर सहज मावणाऱ्या या कार्डावर वॅगनरच्या हातात बॅट नाही की डोक्यावर टोपी नाही. केसांचा मधोमध भांग, गळ्याशी बटणे लावलेली कॉलर आणि मागे नुसता सपाट नारिंगी रंग. मैदान, प्रेक्षक, धूळ, सारे वगळलेले आहे. जुन्या मराठी घरांतील भिंतींवर वकील-डॉक्टर आजोबांची स्टुडिओत काढलेली जी छायाचित्रे असत, त्यांतलाच हा थाट आहे. करारातील अटीमुळे ज्या खेळाडूंना आपल्या मर्जीने संघही बदलता येत नसे, त्यांना या चित्रांनी प्रतिष्ठित गृहस्थाचे रूप दिले, हेच मला त्यांचे मर्म वाटते. कार्ड उलटले की मात्र सिगारेटची जाहिरात दिसते. वॅगनरने आपले चित्र वापरू देण्यास नकार दिला, म्हणूनच हे कार्ड इतके दुर्मीळ झाले.

त्याआधीच्या, १८८० च्या दशकातील कार्डांवर खेळाडू स्टुडिओत दोरीला टांगलेला चेंडू झेलताना दिसतात आणि काही कार्डांवर ती दोरीही स्पष्ट दिसते.

चित्रात कोण नाही, हेही पाहायला हवे. वॅगनरच्या कार्डांच्या मालिकेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही, कारण मोठ्या संघांची दारेच त्यांना बंद होती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या दारातून आत गेला आणि थोड्याच काळात लीफ कंपनीच्या कार्डावर पिवळ्याधमक रंगापुढे त्याचा हसरा चेहरा आला. मागचा सपाट रंग पूर्वीसारखाच होता. त्यापुढे उभे राहण्याचा मान मात्र आता ज्याला दारे बंद होती अशा माणसाला मिळाला होता.

अंबरनाथला बनणाऱ्या काडेपेट्यांच्या छापा जमवत माझी पिढी वाढली, त्यामुळे अशा चित्रांची ओढ आपल्या वाचकांना नाही असे मी मानत नाही. यापुढे अशी बातमी देताना कार्डाचे चित्र मोठे छापावे आणि त्याची मागची बाजूही अवश्य दाखवावी, ही नम्र विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे