दाणे घड्याळावर वाळत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्ट्रिप दाबली आणि गोळीचा वरचा पापुद्रा सुटून हातात आला, की घरात लगेच 'बनावट औषध' असा बोभाटा होतो. बनावट औषधं बाजारात येतात हे खरंच आहे, पण असा पदर सुटणं अनेकदा अस्सल गोळीतलाच दोष असतो: गोळी दाबण्याआधी पावडरचे ओले दाणे करून वाळवतात, त्या वाळवणीतला. कारखान्यात त्याला कॅपिंग म्हणतात. याच्या उलट पावसाळ्यात गोळीवरची कोरीव अक्षरं बुजलेली दिसतात. ते पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशाला, ओलसर माल चिकटल्याचं लक्षण.

पॅरासिटॅमॉलचंच घ्या. ही पावडर नुसती दाबून गोळी धरत नाही, दाब सुटताच परत फुगू पाहते. म्हणून बाइंडर, म्हणजे दाणे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, लागतो: साधारण 2 ते 5 टक्के पोव्हिडोन के-30, नाहीतर मक्याच्या स्टार्चची खळ. आरएमजीत (दाणे करणाऱ्या वेगवान मिक्सरमध्ये) कोरडं मिश्रण झाल्यावर बाइंडर हळूहळू सोडायचा. मुठीत दाबलेला लाडू टिकला आणि बोटाने टिचकी मारताच मोडला, की थांबायचं. पाणी जास्त झालं तर मोठी ढेकळं होतात, आणि ती बाहेरून वाळली तरी पोटात ओली राहतात.

खरी गडबड पुढे एफबीडीत, म्हणजे खालून गरम हवा सोडून दाणे उडवत वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये होते. कित्येक ठिकाणी बॅच रेकॉर्डवर बारा महिने एकच ओळ असते: इनलेट (आत येणारी हवा) 60 अंश, वेळ 45 मिनिटं. पण हवा बारा महिने एक नसते. पावसाळ्यात 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेच्या हवेत किलोमागे सुमारे 23 ग्रॅम पाणी असतं. तीच हवा 60 अंशांवर तापवली तरी तिची सापेक्ष आर्द्रता 18 टक्क्यांच्या आसपास राहते. हिवाळ्यात 20 अंश आणि 40 टक्क्यांची हवा तितकीच तापवली तर ती 5 टक्क्यांखाली उतरते. हीटरचा आकडा एकच, पण पाणी ओढायची ताकद वेगळी. म्हणून एकाच वेळेत जुलैची बॅच कच्ची राहते आणि जानेवारीची खरपूस होते. जास्त वाळलेल्या मालात भुकटी वाढते, भुकटीत हवा अडकते आणि गोळीचं डोकं उडतं.

घड्याळापेक्षा बेडचं, म्हणजे ड्रायरमधल्या दाण्यांच्या थराचं तापमान बोलकं असतं. दाण्यांच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर ते पावसाळ्यात 33-34 अंशांवर आणि हिवाळ्यात 25 च्या आसपास अडून राहतं. ते चढू लागलं की पृष्ठभागावरचं पाणी संपत आलं. तेव्हा बाउलच्या (ड्रायरमधल्या भांड्याच्या) तीन-चार ठिकाणचे नमुने घेऊन एलओडी, म्हणजे नमुना तापवल्यावर घटणारं वजन, तपासावी. पॅरासिटॅमॉलच्या बऱ्याच फॉर्म्युल्यांत 1.5 ते 2.5 टक्के चालते. नमुना फक्त वरून घेणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक, कारण ओली ढेकळं तळाशी बसतात. घाईने सुरुवातीलाच 80 अंश लावले तर दाण्याला कवच धरतं आणि आतलं पाणी नंतर मिलिंगमध्ये, म्हणजे दाणे दळताना, बाहेर येतं. फिंगर बॅग (बाहेर जाणारी हवा गाळणाऱ्या पिशव्या) तुंबल्या असतील तर माल नीट उडतच नाही, मग तापमान कितीही ठेवा.

105 अंशांवर तापवून काढलेली एलओडी सगळ्यांना लागू नाही. अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटमध्ये जवळपास 13 टक्के पाणी स्फटिकातच असतं, ते उडालं की आकडा दिशाभूल करतो. ओलाव्याने बिघडणाऱ्या क्लॅव्हुलॅनेटच्या गोळ्यांना तर पाणी दाखवूच नये. तिथे पावडर रुळांत दाबून दाणे करणाऱ्या रोलर कॉम्पॅक्टरची कोरडी पद्धतच बरी. अॅस्पिरिनच्या स्ट्रिपला व्हिनेगरसारखा वास आला, तर ओलाव्याने औषधाचं विघटन झाल्याची ती खूण.

सुधारित शेड्यूल एमच्या (औषध कारखान्यांच्या उत्पादन-नियमांच्या) निमित्ताने लहान कारखान्यांना यंत्रांवर खर्च करावा लागतो. तारापूर, वेर्णेसारख्या दमट किनारी पट्ट्यात नव्या एफबीडीआधी जुन्या एफबीडीच्या इनलेट हवेला डिह्युमिडिफायर बसवणं शहाणपणाचं. टच-स्क्रीन मागाहून आला तरी चालेल. पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल हा ज्वलनशील द्रव वापरणाऱ्यांनी बाउलचं अर्थिंग आणि फिंगर बॅगमधले वाहक धागे आधी तपासावेत. तिथे ठिणगी पडली तर बॅचच काय, शेडही जातो.

अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी तपासणीत एकाच औषधाच्या जुलै आणि जानेवारीच्या बॅचचे बेड तापमानाचे आलेख शेजारी ठेवून बघावेत. आलेख न ठेवता दोन्हीकडे 45 मिनिटंच लिहिलेली असतील, तर एलओडीचे आकडे कसे मिळाले हे तिथेच विचारावं.

आपला,
गोळी-उत्पादन क्षेत्रातील एक वाचक, बोईसर