लोलकाची रीडिंग

सातारा,
१२ ऑगस्ट

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलची बॅच तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. निम्म्या जर्नलांत लोलकावरून काढलेला ‘जी’, म्हणजे गुरुत्व त्वरण, बरोब्बर ९.८ येतो आणि त्याचीच तुला धास्ती वाटते, असं लिहिलंयस. धास्ती रास्त आहे. ती रीडिंग उत्तरावरून उलटा हिशेब करून भरलेली असतात. पोरांना तरी काय बोलायचं? ९.६ आलं की ‘पुन्हा कर’ म्हणणारे आपणच!

माझ्या मते मुळाशी एक गैरसमज आहे. डिजिटल स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतं, म्हणून पोरं त्रुटीच्या रकान्यात ०.०१ लिहून मोकळी होतात. ती झाली घड्याळाची त्रुटी. बटण दाबणाऱ्या बोटाचं काय? डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. सुरू करताना आणि थांबवताना दोन्हीकडे उशीर होतो, म्हणून बराचसा वजा होतो. पण दर वेळी सारखाच होत नाही. जो फरक उरतो तो फक्त पुन्हापुन्हा मोजूनच कळतो.

परवा एका मुलीने १०० सेंमी लांबीला २० आंदोलनांची वेळ घेतली: ४०.२१, ४०.०९, ४०.३२, ४०.१५, ४०.२३. ‘सर, एकही जुळत नाही,’ म्हणून हिरमुसली होती. मी म्हटलं, अगं, हीच तर खरी रीडिंग! सरासरी ४०.२०, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ०.०९ च्या आसपास. घड्याळाच्या लघुत्तम मापाच्या, म्हणजे ०.०१ च्या, नऊपट. एकच आंदोलन मोजलं असतं तर २ सेकंदांत ०.०९, म्हणजे साडेचार टक्के, आणि सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग येत असल्याने ‘जी’मध्ये त्याच्या दुप्पट. वीस मोजल्यावर तीच चूक विसात वाटली जाते. पाचांची सरासरी घेतल्यावर वेळेतली अनिश्चितता ०.०४ सेकंदांवर आली; लांबीत २ मिमी धरले. उत्तर ९.७७ ± ०.०४. आपल्याकडे ‘जी’ ९.७८ च्या जवळ आहे. तिचा चेहरा बघायला तू हवा होतास.

माणसागणिक बदलणाऱ्या या उशिराची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत तिथला प्रमुख खगोलज्ञ मास्केलाइनने १७९६ मध्ये किनब्रुक या मदतनिसाला काढून टाकलं, कारण ताऱ्यांच्या वेळा टिपण्यात दोघांत सुमारे ०.८ सेकंदाचा फरक पडायचा. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेलने निरीक्षकांची आपसात तुलना केली, तेव्हा कळलं की असा फरक प्रत्येक माणसात असतोच. हे मी पहिल्याच तासाला सांगतो. वर्ग एकदम शांत होतो.

सरासरीने न जाणाऱ्या चुकांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. सुरुवातीलाच ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं की एकोणीसच आंदोलनं मोजली जातात आणि ‘जी’ जवळपास अकरा टक्क्यांनी वाढतो. लोलक २० अंशांपर्यंत ओढून सोडला तर आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो. आणि मोजणी टोकाला नको, मध्याला. तिथे गोळा सर्वांत वेगात असतो, क्षण नेमका पकडता येतो.

लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख शून्यातून गेला नाही तर पट्टीने ओढून नेऊ देऊ नकोस. दोरी गोळ्याच्या केंद्राऐवजी हुकापर्यंतच मोजली असेल तर रेषा सरकते, उतार तोच राहतो, आणि ‘जी’ उतारावरूनच काढायचा असतो.

तुझ्या बॅचची कच्ची रीडिंग पाठव, खाडाखोडीसकट. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास