मालवणच्या काकांना, कोरड्या फडक्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण समोरासमोर आभार मानायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही. 'थँक्यू' म्हटलं की तुम्ही सामान धुवायच्या टबाकडे वळता. फोन केला तर 'बरा बरा, ठेवतंय' म्हणून फोन बंद. पुतण्या हे वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

तुमच्याकडे येण्याआधी माझं स्कूबा डाइव्हिंगचं सामान कुठे होतं ते सांगायला हवं. त्या जागेचं नाव घेत नाही. घेतलं तर 'आमचंही असंच झालं' म्हणत आणखी चार जण पुढे येतील, आणि हे पत्र तुमचं आहे, त्या लोकांचं नाही. पगारातून एकेक वस्तू घेत जमवलेला माझा सेट: रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा), बीसीडी (हवा भरायचं जाकीट), सूट, मास्क, फिन्स. तो त्यांच्याकडे पावसाळाभर ठेवला. धुणं, वाळवणं, राखण, सगळ्याचे पैसे आगाऊ मोजले. ऑक्टोबरात परत मिळाला तेव्हा वरून चकचकीत, पिशवीवर सर्व्हिसिंग झाल्याचा शिक्कासुद्धा.

आणि पहिल्याच डाइव्हला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला, दर श्वासागणिक घशाशी खारट फवारा. हवा येत असते, हवी तेवढी येते, पण तिच्यासोबत पाणी येतं. एकदा ठसका लागला की शिकवलेलं काही आठवत नाही. सोबतच्या पोराने त्याचा जादा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला आणि सावकाश वर आणलं, म्हणून निभावलं. (त्याचे आभार मी वेगळे मानलेत, माशाच्या ताटावर बसून.) किनाऱ्यावर येऊन जाब विचारला तर उत्तर काय, 'साहेब, समुद्रात जाणारी वस्तू आहे, खारट व्हायचीच.' हे बोलणाऱ्याच्या पाठीमागेच त्यांचा टब होता. सकाळी भरलेलं पाणी, त्यात दिवसभरातल्या सगळ्या पर्यटकांचे माउथपीस, सूट, बूट. संध्याकाळी त्या पाण्याला गोडं म्हणणाऱ्याने आधी ते जिभेला लावून बघावं.

तुम्ही मात्र सेट हातात घेतलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. सोडलेली हवा जिथून बाहेर पडते ती रबराची पातळ चकती नखाने उचलून उन्हात धरलीत. कडेला मिठाची पांढरी रेघ आणि वाळूचे बारीक कण. कड नीट बसत नव्हती, तिथूनच समुद्र आत येत होता. मग फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरकडचा भाग, उलटी करून दाखवलीत. सिलिंडरला जोडायच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती हिरवी पडली होती. 'ह्येच्यात पाणी गेलाहा. कोणीतरी ओला बूच लावल्यान.' बस, एवढंच. ज्यांनी लावलं त्यांना एक शिवी नाही. उलट म्हणालात, 'उघडूक माका येता, पण ह्या माझा काम नाय. शिकलेल्याकडे धाड.' आणि पैसे घेतले नाहीत. हाताला आलेलं गिऱ्हाईक, वस्तू उघडून दोन-चार हजार सहज लावता आले असते. तसं करणारे मी पाहिलेत.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते याहून बारीक काहीतरी. रेग्युलेटर मुंबईहून दुरुस्त होऊन आला, त्यानंतरच्या पहिल्या डाइव्हची संध्याकाळ. होडी दांडीच्या किनाऱ्याला लागलेली, माणसं उतरतायत, कुणाचा मोबाइल सापडत नाही, कुणाला आत्ताच्या आत्ता सुरमई हवी आहे. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे. माझ्या सिलिंडरवरून रेग्युलेटर सोडवलात आणि खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढलीत. तिच्यात घडी घातलेला सुती फडका. सदरा ओला, केस ओले, हात ओले, आणि तेवढा एक फडका खडखडीत कोरडा. आधी हात कोरडे केलेत ते दुसऱ्याच कापडाला. मग त्या फडक्याने डस्ट कॅप, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावर बसणारं टोपण, आतून पुसलीत, लहान मुलाचा कान पुसावा तशी, बोट फिरवून. उजेडाकडे धरून बघितलीत. पुन्हा पुसलीत. मग कुठे ती बसवलीत, आणि फडका परत पिशवीत. मी बघतोय हे तुमच्या गावीही नव्हतं.

मला तिथे भरून आलं, काका. एका टोपणावरून माणसाला भरून येतं हे घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. हसोत. त्या टोपणात राहिलेला थेंब कुठे जातो ते त्यांना माहीत नाही.

पाण्यात उतरायच्या आधी सगळेच गोड बोलतात. व्हिडिओ काढतात, 'घाबरू नका, आम्ही आहोत' म्हणतात. गिऱ्हाईक पाठ वळवून गेलं की त्याच्या वस्तूशी कोण कसं वागतं तिथे माणूस कळतो. आपल्या कोकणात अशी माणसं अजून आहेत. एसटीत राहिलेली पिशवी डेपोत जपून ठेवणारा कंडक्टर, बंद घराच्या परड्यातले आंबे उतरवून मुंबईला हिशेब कळवणारा शेजारी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यांनी काम चोख केलं की सांगण्यासारखं काही घडतच नाही.

तुमच्याकडून ऐकलेलं एक गणित मी आता सगळ्यांना ऐकवतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ. बीसीडीच्या आत पेलाभर पाणी राहिलं तर 7 ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर मीठ आत सुकणार. बाहेरून कितीही धुवा. म्हणून तुम्ही ते आतूनही गोड्या पाण्याने खळबळता, भर मे महिन्यात, किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ झालेल्या असताना, लांबून कॅन आणून. पाण्यावरून कुणी कुरकुरलं की तुमचं ठरलेलं उत्तर: 'महाराजांनी किल्लो बांधल्यानी तो भर दर्यात, पण आत गोडा पाणी आसा म्हणान.' 1664 साली कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव आजही आहेत, तेव्हा या युक्तिवादापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा?

हाताखालच्या नव्या पोराने टबात रेग्युलेटर बुडालेला असताना त्याची झडप उघडणारं पर्ज बटण दाबलं, तेही पाहिलंय मी. दुसरीकडे कानाखाली वाजली असती. तुम्ही त्याचा अंगठा हळूच बाजूला केलात आणि नळीवरून बोट फिरवत पाणी कुठून कुठे चढतं ते दाखवलंत. आता तोच पोरगा इतरांना ओरडतो.

परवा भर पावसात मुद्दाम येऊन गेलो. तुम्ही जेवायला घरी गेला होतात. सगळ्यांचे सूट जाड हँगरवर, एकालाही घडी नाही. बीसीडीत थोडी हवा भरून ठेवलेली, फिन्स आडवे. कोपऱ्यात माझा सेट. हुंगून बघितला, रागावू नका. बुरशीचा वास नाही.

हे पत्र तुमच्या मालकांनाही पाठवतोय. मालक, काका तुमच्याकडे कधीपासून दुसरा टब मागतायत, रेग्युलेटरसाठी वेगळा. आणि मागच्या बाजूला सूट वाळवायला सावली नाही, उन्हात रबर कडक होतं. दोन पत्रे टाकले तरी भागेल. गणपतीच्या आत झालं तर बरं, माझा वाटा मी द्यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रत्नागिरीचा हिरव्या जाळीवाला