मेडिकलवाल्या भाऊंना, एका आईकडून

भाऊ,

तुमचं नाव इथं घेत नाही, दुकान कुठल्या पेठेत तेही लिहीत नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एक दहावीतलं पोरगं चिठ्ठी नसताना खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या मागायला आलं होतं, आठवतं? तो माझा मुलगा.

कोडीनचं सिरप, पोरं नशेसाठी पितात ते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हा कायदा तुम्ही पाळलात. पण नुसतं हाकलून दिलं असतंत, तर तो पुढच्या मेडिकलला गेला असता. बाहेर चौघं गाडीवर वाट बघत होते. रिकाम्या हातानं गेला असता तर "जा, आईचा पदर धरून बस" म्हणाले असते. तुम्ही काउंटरची फळी उचलून त्याला आत घेतलंत, औषधांच्या खोक्यावर बसवलंत, पाणी दिलंत आणि हळूच म्हणालात, "भिऊ नको. त्यांना सांग, काका लई खडूस आहे, बापाचा नंबर मागत होता. सगळं माझ्यावर ढकल."

हे त्यानं मला आठ दिवसांनी सांगितलं. मी मशीनवर युनिफॉर्मची कॉलर लावत होते. सुई कापडात तशीच राहिली. वाईट काय, हे या वयाच्या पोरांना माहीत असतं हो. चारचौघांत नाही म्हणून मान कशी राखायची, ते कुणी शिकवत नाही. मीही शिकवलं नव्हतं.

त्याआधी मी काय कमी दारं वाजवली? शाळेत गेले तर "आमच्याकडं असलं काही नाही, तुम्ही घरी लक्ष द्या." त्याच शाळेत 26 जूनला हात पुढं करून व्यसनमुक्तीची शपथ झाली होती, फोटोसुद्धा निघाले होते. घरातले मोठे म्हणाले, दोन ठेवून द्या. दिल्या. पोरगं बोलायचंच बंद झालं.

तुम्ही गोळ्यांच्या पाकिटावर टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर 14416 लिहून दिला होतात. ते पाकीट त्यानं कंपासपेटीत जपून ठेवलं होतं. एका रात्री आम्ही दोघांनी मिळून फोन लावला. पलीकडून मराठीत, शांतपणे बोलले. पुढचं सगळं इथं लिहीत नाही.

आता आमचं ठरलंय. कुठं अडकला की तो मला "दळण आणू का?" असा मेसेज टाकतो. मी लगेच फोन करून ओरडते, "आत्ताच्या आत्ता घरी ये!" पोरांसमोर आई वाईट ठरते, ठरू दे. हे तुमच्याकडूनच घेतलं. दोनदा असा घरी आला. त्या रात्री कोण होतं, काय होतं, काही विचारायचं नाही, असाही शब्द दिलाय. फार जड जातं, पण पाळते.

त्या तीन बाटल्या तुम्हीही विकू शकला असता. विकणारे असतील म्हणूनच तर त्याला पाठवलं होतं. गिऱ्हाइकाच्या गर्दीत कुणाच्या तरी लेकरासाठी फळी उचलणारा माणूस अजून आपल्या सोलापुरात आहे, याचा मला केवढा आधार वाटतो.

शेंगाचटणीचा डबा त्याच्याबरोबर पाठवतेय. पैसे घ्यायचे नाहीत, असं बजावलंय त्याला. वेळ असला तर पाच मिनिटं आत बसवा, त्याच खोक्यावर.