कोबीच्या मुळाला मायकोरायझा कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात पुतण्याबरोबर एका कृषी सेवा केंद्रात गेले होते. त्याच्या फ्लॉवरच्या प्लॉटसाठी दुकानदाराने मायकोरायझाची, म्हणजे मुळांत वाढून रोपाला फॉस्फरस आणून देणाऱ्या बुरशीची, पुडी काढली. पिकांच्या यादीत कांदा, डाळिंब, द्राक्ष आणि खुशाल कोबी-फ्लॉवरही! वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे गप्प बसवेना. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळाशी नेहमीच्या मायकोरायझाचे जमतच नाही. थरच्या वाळवंटात सापडलेली, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या (जेएनयू) संशोधकांनी १९९८मध्ये जगापुढे आणलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी या कुळातही वसते. पण पुडीवर तिचे नाव नव्हते. खरे तर कुठल्याच बुरशीचे नव्हते.

अॅझोटोबॅक्टर हा जिवाणू-खतातला जिवाणू अगरवर (प्रयोगशाळेतल्या जेलीसारख्या खाद्यावर) सहज वाढतो. मायकोरायझाला मात्र जिवंत मूळच लागते. म्हणून प्रयोगशाळेत गाजराची खास तयार केलेली मुळे बशीत वाढवून त्यांवर ती पोसतात. बेकार्ड आणि फोर्टिन या संशोधकांनी १९८८मध्ये ही पद्धत बसवली. दिल्लीच्या ‘टेरी’ या संशोधन संस्थेनेही प्रयोगशाळेतल्या अशाच मुळांवर मोठ्या प्रमाणावर उत्पादन घेतले. इतक्या खटाटोपाने होणाऱ्या मालात भेसळीचा मोह होणारच.

खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाची मानके आहेत, पण ती पुडीपुरती. आपल्या रोपाला बुरशी लागली की नाही, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? तपासणी तशी सोपी आहे. कांद्याची बारीक मुळे धुवायची, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पांढरी करायची, सौम्य आम्लातून काढून ट्रिपॅन ब्लूमध्ये ठेवायची (हातमोजे घालूनच, हा रंग अंगाला बरा नव्हे). सूक्ष्मदर्शकाखाली मुळात निळे धागे दिसतात आणि पेशीच्या आत झुडपासारखा फुटवा. बुरशीने आणलेला फॉस्फरस तिथेच रोपाला मिळतो. धागे नसतील, तर एक तर माल मेलेला, नाहीतर डीएपीचा, म्हणजे फॉस्फरसयुक्त खताचा, मारा जास्त. फॉस्फरस भरपूर असला की रोप बुरशीला फारसे जवळ करत नाही.

माती परीक्षण केंद्रांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत माफक शुल्कात ही मूळ-तपासणी सुरू करावी. आणि पुडीवर बुरशीचे शास्त्रीय नाव व ती कोणत्या पिकांवर चालत नाही, हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला लावावे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, जि. सांगली